माझी अक्षरं कुठे नेलीत?

मी बोलतोय. दचकू नका. दचकायचं काम या घरात कॅरल करते आणि तिच्या खालोखाल मी. वटार गावातल्या या घरात, पुढच्या खोलीत, येशूच्या तसबिरीखालच्या टेबलावर बसलेला पिवळट कॉम्प्युटर बोलतोय. ‘डब्बा’, ‘ठोकळा’, ‘म्हातारा’, ही सगळी माझीच नावं. आजवर मुकाट्याने ऐकून घेतली. पण मध्यंतरी माझ्या बाबतीत जे घडलं, त्यानंतर गप्प बसणं मला शक्य नाही.

माझा जन्म कुठल्या चकचकीत कारखान्यात झाला नाही. सन अठ्ठ्याण्णवमध्ये, नालासोपारा पूर्वेला आचोळ्यातल्या एका गाळ्यात, संकेत नावाच्या मेकॅनिकने मला जोडलं. पेटी एकीकडची, मदरबोर्ड दुसरीकडचा, मॉनिटर तिसरीकडचा. म्हणून लोक माझ्याकडे बघून नाक मुरडत विचारतात, “असेंबल्ड आहे ना?” जसं काही मी कुठे रस्त्यात सापडलो! तुम्ही तरी एका कारखान्यातून आलात का? नाक आईचं, कान बाबांचे, स्वभाव कुण्या आत्याचा. तुम्हाला कोणी असेंबल्ड म्हणतं?

माझे पहिले मालक श्रीरंग सर. आचोळ्यातच त्यांचा टायपिंगचा क्लास होता. वडापाव खाऊन हात न धुता आलेली मुलं माझा कीबोर्ड बडवायची. पण सरांचे माझ्यावर उपकार आहेत. त्यांनी मला मराठी दिलं.

हे नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा घोटाळा इथेच आहे. मला जन्मतः मराठी येत नव्हतं. माझ्या पिढीतल्या कोणालाच येत नव्हतं. सरांनी एका फ्लॉपीवरून माझ्यात मराठी अक्षरं घातली. त्याला फॉन्ट म्हणतात. तुम्ही ‘क’ उमटवता तेव्हा मी पोटात ‘क’ लिहीत नाही. एक विलायती खूण लिहितो. फॉन्ट त्या खुणेवर ‘क’चा चेहरा चढवतो. फॉन्ट माझ्यात असेल तर तुम्हाला मराठी दिसतं. तो काढून घेतलात तर खुणा उघड्या पडतात. मजकूर जागच्या जागीच असतो, फक्त त्याला चेहरा उरत नाही.

दोनेक वर्षांनी सरांनी क्लाससाठी नवी यंत्रं घेतली आणि मला विकायला काढलं. मला केनीने घेतलं. केनी मुंबईत एका ऑफिसात नोकरीला. ऑफिसात तो कॉम्प्युटर चालू आणि बंद करतो, एवढ्या जोरावर वटारमध्ये तो त्यातला जाणकार. मला त्याने आपल्या धाकट्या बहिणीसाठी आणलं. ती कॅरल. मराठी घेऊन बी.ए. झालेली, अक्षर सुंदर, आणि काळजाने ससा. खिडकी आपटली की दचकते, कुकरची शिट्टी झाली की दचकते. पहिल्या दिवशी मी सुरू होताना एकदा ‘टूं’ म्हणालो, तर ती खुर्चीसकट मागे सरकली.

पण तीच माझी खरी मालकीण. शाळेच्या प्रश्नपत्रिका, चर्चच्या सूचना, गावातल्या लग्नपत्रिका असं घरबसल्या टायपिंगचं काम तिने माझ्यावर सुरू केलं. माझ्यावर फुलांच्या कडेचं प्लास्टिकचं कव्हर शिवून घातलं. मॉनिटरवर लेसचा रुमाल आणि त्यावर प्लास्टिकच्या गुलाबांची फुलदाणी ठेवली. माया होती, कबूल. पण मॉनिटरच्या डोक्यावरची ती भोकं गरम हवा बाहेर जाण्यासाठी असतात हो! तुमच्या नाकावर कोणी लेसचा रुमाल अंथरून वर गुलाब ठेवले तर चालेल का तुम्हाला?

आता सालोमी मावशीबद्दल सांगतो. कॅरलच्या आईची बहीण, घर पलीकडच्याच आळीत. वटारमध्येच नाही, आसपासच्या गावांतही कुठे लग्नाचा मांडव पडला की मावशीला बोलावणं ठरलेलं. विहिरीवरून पाणी आणतानाची गाणी, नवरीला हळवं करणारी गाणी, नवऱ्याच्या आईला टोमणे मारणारी गाणी, सगळी आपल्या घरच्या बोलीत. मावशी ओळ म्हणायची आणि बाकीच्या बायका तिच्या मागून ध्रुपद धरायच्या. सगळं मावशीच्या तोंडात होतं, कारण तिला लिहिता-वाचता येत नाही आणि इतरांना कधी पाठ करायची गरजच पडली नाही. मावशी आहे ना!

मग मावशीच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की ऑपरेशननंतर जीव वाचेल, आवाज नाही. घरात रडारड झाली. मावशी मात्र सरळ येऊन कॅरलच्या शेजारच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, “घाल त्या खोक्यात. मी हाय तवर घाल.”

रोज दुपारी ती गायची आणि कॅरल टाइप करायची. माझ्याकडे बघण्याची मावशीची नजर सासूची होती. “हा गिळतोय बरा. ओकंल ना परत?” असं एकदा तिने विचारलंही. आणि मी हळू होतो, अक्षर दाबल्यावर जरा वेळाने पडद्यावर यायचं, तर या सबंध घरात एकट्या मावशीलाच त्याचा राग आला नाही. “बरा हाय. थांबून आयकतो,” ती म्हणाली. तेव्हापासून त्या बाईसाठी मी काहीही केलं असतं.

कॅरलने तिला एकदा पडद्यावर बोट ठेवून दाखवलं होतं, “मावशी, हे बघ, प्रत्येक ओळीच्या शेवटी हे सारखं येतं ना, ते तुझं ध्रुपद.” मावशीने डोळे बारीक करून बघितलं होतं आणि मग प्रत्येक गाण्यात ते शेपूट शोधायचा तिला नादच लागला. ऑपरेशन झालं. मावशी घरी आली. आवाज परत आला नाही.

आता माझ्या हळूपणाबद्दल. या आरोपावर मला मनातलं बोलायचंच आहे. मेमरी म्हणजे माझी मांडी आणि हार्ड डिस्क म्हणजे माझा माळा. काम करताना मी वस्तू माळ्यावरून काढून मांडीवर घेतो. मांडी लहान असेल तर काय होतं? एक घेतली की दुसरी परत वर ठेवायची, मग ती मागितली की पहिली वर ठेवायची. दिवसभर चढ-उतार! त्या चढ-उताराची खरखर तुम्हाला ऐकू येते आणि तुम्ही म्हणता, “हा हँग झाला.” माझी मांडी मुळातच एवढीशी. त्यात केनीने कुठून कुठून सीड्या आणून घातल्या. मोटारींच्या शर्यतीचा खेळ, विश्वकोश, पडद्यावर पोहणारे मासे. ते मासे बघायला शेजारची मंडळी यायची! माळा गच्च भरला, पाय ठेवायला जागा नाही, आणि दोष कोणाला? मला. मासे मी मागवले होते?

यंदा जानेवारीत मावशीच्या मुलीचं, इझाबेलचं लग्न ठरलं. म्हणजे गावभरच्या मांडवांत गायलेल्या बाईच्या स्वतःच्या दारात मांडव, आणि तिला आवाज नाही. बायका म्हणाल्या, आम्ही गातो, पण आम्हाला शब्द हवेत. कॅरल म्हणाली, “माझ्याकडे आहेत. प्रत्येकीला कागद काढून देते.” हे सांगताना तिची मान जरा ताठ झाली होती. मी बघितलं.

पहिलाच कागद छापायला घेतला आणि मी अडकलो. खरं सांगतो, मुद्दाम नाही. मांडीवर गाणं, गाण्यावर प्रिंटर, प्रिंटरवर मासे! केनी ओरडला, “फेकून दे हा डब्बा!” कॅरल कधी नव्हे ती म्हणाली, “गाणी आहेत त्यात.” मग केनीने संकेतला बोलावलं, ज्याने मला जोडलं त्यालाच.

संकेतने माझी पेटी उघडली. आतून पालीची दोन अंडी टेबलावर घरंगळली. कॅरलची किंकाळी विहिरीपर्यंत गेली असेल.

“अरे वा, भाडेकरू पण ठेवलेत!” संकेत हसला. मग त्याने मेमरीची पट्टी काढून तिच्या सोनेरी दातांवर साधा खोडरबर घासला. आमच्या खाऱ्या हवेने त्यांवर कळकट थर चढला होता. “केनीभाई, मशीन टणटणीत आहे. आत एक मेमरी वाढवू, डिस्क मोठी टाकू. पळत सुटेल.”

“नवीनच घेऊ का त्यापेक्षा?”

“कशाला? बॉडीत दम आहे अजून.”

आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझ्याबद्दल चांगलं बोललं. मी विरघळलो. तिथेच चुकलं.

नवी पट्टी बसवून त्याने मला चालू केलं, पण ती नीट रुतली नव्हती. मी ओरडू लागलो. पीप! पीप! पीप! आमच्यासारख्यांना दुखलं तर एवढंच बोलता येतं. कॅरल कानांवर हात ठेवून जी स्वयंपाकघरात पळाली ती काम संपेपर्यंत बाहेर आली नाही. संकेतने अंगठ्याने पट्टी दाबली, खट्ट झालं, आणि माझी मांडी तिप्पट झाली. काय सांगू तो आराम! सगळं एकदम मांडीवर, चढ नाही की उतार नाही.

मग डिस्क. नव्या डिस्कवर त्याने सगळी मांडणी कोरी, नव्याने केली. आणि केनीला विचारलं, “जुन्यातलं काय काय घ्यायचं?”

“कॅरलचं फोल्डर घे. बाकी सगळा कचरा आहे.”

कचरा! अहो, त्या कचऱ्यातच तर श्रीरंग सरांनी घातलेली अक्षरं होती! फोल्डरमध्ये फक्त खुणा होत्या. केनीला वाटलं, मराठीत टाइप केलंय म्हणजे फाइलमध्ये मराठी असणारच. इथे घरोघरी असंच समजतात. अक्षरं निराळी राहतात हे कोणाच्या गावीही नसतं. मी सांगायला पाहिजे होतं, पण कसं? माझी पीप पीपसुद्धा मेमरी बसली तशी बंद झाली होती. कॅरलला विचारायला स्वयंपाकघर दोन पावलांवर होतं. नाही विचारलं. जुनी डिस्क बदल्यात घेऊन संकेत गेलासुद्धा.

दुसऱ्या दिवशी दुपारी कॅरल हसतच बसली. गाण्याची फाइल उघडली. मी क्षणात उघडून दाखवली, अगदी अभिमानाने. आणि पडद्यावर काय? टोपी घातलेले ए, शेपूट फुटलेले सी, उलटी प्रश्नचिन्हं, पौंडाच्या खुणा. पानच्या पान. तिने दुसरी फाइल उघडली. तेच. तिसरी. तेच. तिने फोल्डरमधल्या सगळ्या फाइली एकामागून एक उघडल्या.

तिने संकेतला फोन लावला. पलीकडचा आवाज खोलीत ऐकू येत होता. “ताई, फाइली करप्ट झाल्या असतील. जुन्यात व्हायरस असेल... जुनी डिस्क? ती तर साफ करून गिऱ्हाइकाला बसवली पण.”

कॅरलने फोन ठेवला आणि माझ्यासमोर येऊन बसली. माझ्या पोटात मात्र एक ओळ कमी नव्हती, एक मात्रा हलली नव्हती! जे होतं ते सगळं इथेच होतं आणि ती माझ्यासमोर बसून गेलेल्या माणसासाठी रडावं तशी रडत होती. तुम्ही कधी जिवंत असून स्वतःच्या नावाचं रडणं ऐकलंय?

रविवारी केनी घरी होता. चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर त्याने पडदा बघितला आणि निकाल दिला. “व्हायरसच. उडव सगळं, नाहीतर नव्या डिस्कला लागेल.”

“पण केनी, मावशीची गाणी...”

“गाणी कुठे आहेत यात? तूच वाच बघू. वाच ना! कचरा ठेवून काय पूजा करायची?”

तेवढ्यात मावशी आली. मांडवाला थोडेच दिवस राहिले होते, ती कागद न्यायला आली होती. गळ्याभोवती ओढणी, हातात जपमाळ. कॅरलची मान वर होईना. केनीने मोठ्याने, जसं काही मावशीचा आवाज नव्हे तर कान गेलेत, सांगितलं, “मावशी, तुझी गाणी खराब झाली. कॉम्प्युटरने खाल्ली!”

मी खाल्ली! मी?

“कर डिलीट,” केनी म्हणाला. कॅरलने फोल्डरवर बाण नेला आणि डोळे मिटून कळ दाबली.

आम्हाला माणसांना प्रश्न विचारायची मुभा फक्त एकाच वेळी असते. मी ती सोडली नाही. पडद्यावर चौकट आणून विचारलं, नक्की काढून टाकायचं? आणि केनीनेच जोडलेल्या नव्या स्पीकरमधून, होता नव्हता तेवढा जोर लावून, ठण्ण केलं.

कॅरल ताडकन उडाली. माउस टेबलाखाली लोंबकळला. एवढ्या दिवसांत तिच्या दचकण्याचा मला पहिल्यांदा आनंद झाला.

“काय बाई आहेस! सरक, मी करतो,” केनी पुढे झाला. पण मधे मावशी उभी होती. तिने केनीला कोपराने बाजूला केलं आणि पडद्याकडे बोट करून मान उडवली. दाखव.

कॅरलने चौकट बंद केली, फोल्डर उघडलं, पहिलं गाणं समोर आणलं. “हे बघ मावशी, असं झालंय गं. सगळं खराब झालंय.”

मावशीने डोळे बारीक केले. वरून खालपर्यंत बघितलं. मग कॅरलकडे वळून दोन्ही तळवे उघडले. काय खराब झालंय?

तिला वाचता येत नाही, हे त्या दोघांना आठवायला वेळ लागला. तिला आधीही ही चित्रंच होती, आताही चित्रंच. केनी हसायला लागला. “मावशी, अगं, ते मराठी नाहीये आता...”

मावशीने त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. ती आपला जुना नाद करत होती. पहिल्या ओळीच्या शेवटी तिने बोट टेकवलं. टक्. मग दुसरीच्या शेवटी. टक्. तिसरीच्या. टक्.

कॅरल रडायची थांबली. पडद्यापाशी नाक नेऊन बघू लागली. तिने खाली सरकवलं, दुसरं गाणं आणलं, मग आणखी एक.

“केनी.”

“काय?”

“इथे टोपीवाला ए, दोन पौंड आणि शेपूट. इथेही तेच. इथेही. प्रत्येक ओळीला तेच, आणि दुसऱ्या गाण्यात दुसरं. हे ध्रुपद आहे! व्हायरस काय असा ताल धरून येतो?”

“मग?”

“मग गाणी आहेत! फक्त दिसत नाहीत. तू काहीतरी मागे ठेवलंस. सांग, संकेतला काय म्हणालास? तू काय ठेवलंस मागे?”

केनीवर ती एवढी ओरडलेली या खोलीने कधी ऐकली नव्हती. तोच दचकला.

तिने श्रीरंग सरांना फोन लावला. मी मूळचा त्यांच्याकडचा, त्यांना ठाऊक असेल असं तिला वाटलं. सरांनी दोन वाक्यांत ऐकून घेतलं आणि खवळले. “अहो, मजकूर आणलात आणि अक्षरं तिकडेच टाकून दिलीत! फॉन्ट नको का पुन्हा घालायला? केनीला पाठवा, फ्लॉपी देतो. आणि तोवर कशाला हात लावू नका!”

केनी भर उन्हात स्कूटरवरून आचोळ्याला गेला. कुरकुरत गेला, पण गेला. फ्लॉपी माझ्या तोंडात आली. गुरगुर गुरगुर करत मी एकेक अक्षर उतरवून घेतलं. कॅरलने गाणं उघडलं, आणि टोपीवाल्यांच्या जागी मांडव उभा राहिला, विहीर आली, नवरी आली, तिची खाष्ट सासू आली. कॅरल मोठ्याने वाचत सुटली. मावशीने खांदे उडवले. तिच्या मते काहीच बदललं नव्हतं.

कागद भराभर निघाले, हेही सांगितलं पाहिजे. खोटं कशाला बोलू? वाढलेल्या मांडीचा मला उपयोग झाला. पण केनी आलेल्या-गेलेल्याला काय सांगतो? “मी अपग्रेड केलं म्हणून जमलं.” त्या उलट्या प्रश्नचिन्हांबद्दल चकार शब्द नाही.

मांडवाच्या दिवशी खिडकी उघडी होती. पलीकडच्या आळीतून सगळं ऐकू येत होतं. बायकांनी कागद धरून सुरुवात केली. शब्द बरोबर होते, मीच दिलेले. पण चाल? एकीची पुढे, एकीची मागे, तिसरी भलतीच. मध्येच सगळ्या थबकल्या, कोणीतरी हसलं, कोणीतरी म्हणालं, “पुढं कसं जातं गं?”

मग पितळेच्या भांड्यावर हात पडला. एक ठोका, मग दोन जवळचे, मग लांब थांबून एक. मावशी. बायकांनी तिच्या हाताकडे बघून पुन्हा सुरुवात केली. ठोका थांबला की थांबायचं, लांबला की लांबवायचं. अर्ध्या गाण्यात चाल जागेवर आली. नंतर कागदांची सळसळही ऐकू आली नाही.

लग्नाला आता पंधरवडा होऊन गेला. कॅरल एकदा माझ्यासमोर बसून ते गाणं उघडून कितीतरी वेळ टेबलावर बोटांनी वाजवत होती. एक ठोका, दोन जवळचे. मग कीबोर्डकडे बघितलं. कुठली कळ दाबणार? ती उठून मावशीकडे गेली, हे तिचं भलं. आता रोज जाते.

पण बाकीच्या? रोज एखादी मुलगी येते. “कॅरल, मला पण एक कॉपी काढ ना, सगळी गाणी दे.” मी छापतो. ती घडी करते, पर्समध्ये ठेवते, निघते. जपून ठेवलं म्हणते! याचा मला आता सगळ्यात जास्त राग येतो. मला हळू म्हणा, डब्बा म्हणा, वर गुलाब ठेवा. पण माझी जागा वाढवली म्हणून तुमचं काम संपलं असं कोणी सांगितलं तुम्हाला? अर्धं गाणं माझ्यात कधी आलंच नाही. ते त्या बाईच्या हातात आहे, आणि डॉक्टर तिला दर महिन्याला परत बोलावतात.

तिचं घर लांब नाही. दुपारची ती ओट्यावर विड्याची पानं निवडत बसलेली असते. तुम्ही गेलात तर ती पानं बाजूला ठेवेल. अहो, माझ्याकडे काय बघताय? जा ना!